नर्स तयार कोण करतं, नेतं कोण?

तुमच्यापैकी काहीजणी नर्सिंग शिकताहेत. आखातात, लंडनला जायचं मनात असेल. त्यात गैर काही नाही. पण आज मला मलावीबद्दल बोलायचंय.

2000 नंतरची वर्षं. या गरीब आफ्रिकी देशातल्या नर्स ब्रिटनला निघाल्या होत्या आणि इथे वॉर्ड एड्सच्या रुग्णांनी भरलेले. 2004 मध्ये सरकारने तातडीचा कार्यक्रम आखला. पगारात 52 टक्के भर घातली, प्रशिक्षणाच्या जागा वाढवल्या. पैशाला मदत कुणाची? ब्रिटनचीही! पाच वर्षांत आरोग्य कर्मचाऱ्यांची संख्या जवळपास दीडपट झाली. डॉक्टर कमी, म्हणून तिथली बहुतेक सिझेरियन ‘क्लिनिकल ऑफिसर’ करतात. ते एमबीबीएस नसतात, पण या कामात तयार झालेले असतात.

म्हणजे टंचाई हटवता येते, पैसा लागतो. परदेशी जाणाऱ्या मुलीला बोल लावून काही होत नाही. तिला शिकवलं मलावीने, तयार नर्स मिळाली ब्रिटनला. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये अशा भरतीसाठी आचारसंहिता केली खरी, पण ती ऐच्छिक आहे. शिकवणाऱ्या देशाला भरपाई द्यायची सक्ती तिच्यात नाही.