आधी ओल काढा, मग रंग लावा



पावसाळा सरला की कोकणात घरोघरी डागडुजी निघते. गवंडी येतो, चुन्याचा जुना गिलावा कुठे कुठे सुटलेला बघतो आणि म्हणतो, "सगळं खरवडून सिमेंट मारू, पुन्हा बघायला नको." माझी कळकळीची विनंती आहे, एवढ्यावर लगेच होकार देऊ नका.

जांभ्याचा चिरा पाणी पितो. जमिनीतली ओल त्यातून वर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडून वाळते. त्यावर सिमेंटचा घट्ट थर आणि वर ऑइलपेंट चढवला, की ओल्या अंगावर रेनकोट घातल्यासारखं होतं. ओल आतच कोंडते, भिंतीला लोणा लागतो, रंगाचे पोपडे सुटतात आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शक सूचनाच काढल्या. अशा घरांत खोकला, धाप, दमा यांचा त्रास जास्त आढळतो, असं त्या सांगतात. मूल सारखं खोकत असेल तर डॉक्टरांना दाखवाच, पण त्याच्या पलंगामागची भिंतही बघा.

ओल कुठली, हे घरीच तपासता येतं. हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला दव धरलं तर ओल भिंतीतली. बाहेरच्या बाजूला धरलं तर ती खोलीतल्या दमट हवेची. तिथे खिडक्या उघडून वारा खेळता ठेवणं हाच उपाय.

भिंतीतली ओल असेल तर अंगणात जा. हौसेने भर घालून पेव्हर ब्लॉक बसवले, जोतं निम्मं बुजलं आणि पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी मुरू लागलं, असं फार ठिकाणी दिसतं. भर काढा, अंगणाला घरापासून बाहेर उतार द्या, पन्हळी बसवा. हे न करता आतून केलेला खर्च वाया जातो.

आता चुना. चुनखडी साधारण ९०० अंशांना भाजते, सिमेंटच्या भट्टीला १४५० अंश लागतात. शिवाय भाजताना सुटलेला कार्बन डायऑक्साइड चुन्याचा गिलावा घट्ट होताना हवेतून बराचसा परत घेतो. सिमेंट वाईट नाही. स्लॅबला, कॉलमला तेच हवं. जुन्या चिऱ्याच्या भिंतीवर मात्र ते नको.

जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. ॲसबेस्टॉसचे जुने पत्रे उतरवताना कापू-फोडू नका. आणि चुन्याचं काम कडक उन्हात काढू नका. गिलावा गोणपाटाने झाकून ओला ठेवा, सावकाश वाळू द्या आणि वर चुन्याचीच सफेदी मारा.