शिफ्टची सायकल



कवीला सायकलीतलं काय कळतं, असं तुमच्या मनात आलं असेल. मी काही मेकॅनिक नाही. पण आमचे अब्बा भोसरीच्या एमआयडीसीत फिटर होते आणि नोकरीची सगळी वर्षं त्यांनी सायकलीवर काढली. सुट्टीच्या दिवशी ते अंगणात सायकल उलटी करून तिचा एकेक भाग सोडवायचे. छर्रे रॉकेलच्या वाटीत धुवायचं काम माझ्याकडे असायचं. त्यामुळे वृत्त आणि यमक कळण्याआधी मला कप, कोन आणि कॉटर कळले. त्या शिदोरीवर आज बोलतो आहे.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि कारखान्याशेजारीच कामगारांची वसाहत उभी राहिली. तिथल्या माणसाला गेट जवळ होतं. पुढे कारखाने इंद्रायणी ओलांडून चाकणकडे गेले. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना तिथे सुरू झाला, आजूबाजूला लहानमोठी शॉप उभी राहिली. मोठ्या कंपनीची बस कायम कामगाराला घ्यायला येते. लहान शॉपमधल्या कंत्राटी मुलाची खोली मात्र एका टोकाला, काम दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये कंटेनरांनी भरलेला रस्ता. त्याच्यासाठी सायकल म्हणजे हौस नव्हे, हजेरी आहे.

आमच्या शेजारी मराठवाड्यातून आलेला असाच एक मुलगा राहतो. पंधरा मिनिटं उशीर झाला की त्याचा अर्धा दिवस कापला जातो. परवा त्यानं विचारलं, "चाचा, गिअरची सायकल घेऊ की साधी?" मी म्हटलं, "बेटा, ती दिसते कशी हे नंतर बघ. तुझ्या रस्त्यावर जो पंक्चरवाला बसतो, त्याच्याकडे तिचे सुटे भाग मिळतात का, हे आधी विचारून ये."

माझं सांगणं एवढंच आहे. भाग महाग की स्वस्त, देशी की परदेशी, हा प्रश्न दुसरा. बिघडला तर वाटेत दुरुस्त होईल का, हा पहिला.

टायरपासून सुरुवात करू. २६ इंची म्हणून विकले जाणारे सगळे टायर एकमेकांच्या जागी बसत नाहीत. २६ बाय १.७५ या टायरच्या रिमचा व्यास ५५९ मिलिमीटर असतो, तर २६ बाय १ ३/८ चा ५९०. जुन्या काळ्या सायकलीचा २८ बाय १ १/२ हा ६३५ चा, आणि नव्या सायकलींचा ७००सी हा ६२२ चा. म्हणून दुकानात नुसतं "सव्वीसचा द्या" म्हणू नका. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा वाचा. एमआयडीसीच्या रस्त्यावर लोखंडाचा कीस आणि तारांचे तुकडे पडलेले असतात, तेव्हा टायर जाड घ्यावा. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलीसारखा असला तर ट्रकच्या टायरवाल्याकडेही हवा भरता येते. मात्र कॉम्प्रेसरची हवा भसकन भरते, हात आवरता हवा.

आता गिअर. सपाट रस्त्याला एकवीस गिअर लागत नाहीत. स्वस्तातल्या सायकलीचा मागचा डिरेल्युअर एका धक्क्यानं वाकतो आणि चेन उड्या मारू लागते. साध्या सायकलीला पुढे बहुधा ४४ दाते असतात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. पेडलच्या एका फेऱ्यात २८ इंची सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. फ्रीव्हील २२ दात्यांचं बसवलं तर ती साडेचार मीटर जाईल, पण पायावरचा जोर जवळजवळ पाचव्या हिश्शानं कमी होईल. चेन एखाद्या कडीनं वाढवावी लागते, एवढंच. मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या तर दहा किलोमीटरला सहा-सात मिनिटं जास्त लागतात. पण बारा तास उभं राहून परतणाऱ्या पायांना उलट्या वाऱ्यात आणि पुलाच्या चढावर हा बदल मानवतो.

ब्रेकच्या बाबतीत मात्र काटकसर नको. चकचकीत लोखंडी रिम पावसात भिजली की रबर तिच्यावरून नुसतं घसरतं. चाकाचे काही फेरे पाणी पुसण्यातच जातात, तोवर समोरचा ट्रेलर जवळ आलेला असतो. ॲल्युमिनियमची रिम ओल्यातही बरीच चांगली धरते. जमल्यास तीच घ्यावी. नसेल तर पावसाळ्यात थांबायच्या बरंच आधीपासून ब्रेक हलका दाबत राहावं. डिस्क ब्रेक असेल तर त्याच्या पॅडची एक जोडी पिशवीत ठेवा, कारण पॅड अनेक आकारांचे असतात आणि हवा तो ऐनवेळी मिळत नाही.

दिव्याचंही तसंच. डायनॅमोला सेल लागत नाहीत, पण साधा डायनॅमो सायकल थांबली की विझतो, आणि फाट्यावर अंधारात थांबलेला माणूसच मागच्या ड्रायव्हरला दिसत नाही. म्हणून मागे चार्ज होणारा लाल दिवा हवा. शिवाय मडगार्डवर चमकती पट्टी आणि पेडलला रिफ्लेक्टर लावा. वरखाली होणारी चमक डोळ्यांत लवकर भरते.

लांबच्या सफरीवर निघणारेही असाच विचार करतात. मुंबईहून १९२३ साली सहा पारशी तरुण सायकलीवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले तिघे १९२८ साली तो पूर्ण करून परतले. आजही दूरदेशी जाणारे अनेक सायकलस्वार लोखंडी सांगाडा पसंत करतात, कारण तो मोडला तर खेड्यातला वेल्डरही जोडून देतो. चाकण रस्त्यावरच्या मुलाची सफर दहा किलोमीटरची, पण ती त्याला रोज करायची असते.

पैसे थोडे असतील तर क्रम असा ठेवा: आधी ब्रेक, मग मागचा दिवा, मग टायर आणि सगळ्यांत शेवटी शोभा. आज सुट्टी आहे. सायकल उलटी करा, मागचं चाक फिरवा, आउट निघालंय का बघा. तारा बोटांनी दाबून पाहा, एखादी सैल लागली तर संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत आवळून घ्या. सोमवारी पहिली शिफ्ट असते.