कार्ड, कर्ज आणि आपली पत

(वर्षावासातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने विषय विचारला तेव्हा आम्ही "सिबिल" असे सांगितले. कार्यवाह म्हणाले, "अहो, विहारात सिबिल?" आम्ही म्हटले, गेल्या वर्षभरात या सभागृहातल्या किती घरांत हा शब्द निघाला, ते हात वर करून विचारा. तुम्ही आत्ता हात वर केलेतच, तेव्हा परवानगी मिळाली असे समजतो. शिवाय अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत एक सुख अऋणाचे, म्हणजे कर्ज नसण्याचे आहे. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

प्रथम आमची चूक सांगतो. आम्ही एका पतसंस्थेत चौतीस वर्षे कारकुनी केली. खतावणी, व्याज, थकबाकी सगळे हाताखालून गेलेले. आमचा थोरला पुण्यात नोकरीला. त्याने घर घ्यायचे ठरवले, इसारही दिला. दिवाळीला म्हसवडला आला तेव्हा त्याच्या पाकिटात तीन क्रेडिट कार्डे दिसली. आमच्या वडिलांनी सावकाराचे देणे फेडता फेडता हाडे झिजवली होती, आम्हाला ती कार्डे बघवेनात. म्हटले, "घराचं कर्ज मागायला जायचंय ना? मग ही आधी बंद कर. एवढी दारं उघडी ठेवून बँकेत गेलास तर कोण उभं करील?" पोरगं आज्ञाधारक. दोन बंद केली, त्यात सगळ्यात जुने कार्ड होते.

महिना-दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. "आण्णा, बँक म्हणतीय सिबिल घसरलंय." आम्ही म्हटले, कसं शक्य आहे? एक हप्ता चुकला नाही, उलट दोन कार्डं कमी केली!

हे कसे झाले ते आकड्यांत बघा, म्हणजे पटेल. तिन्ही कार्डांची मिळून मर्यादा होती २ लाख. एक १ लाखाचे, एक ६० हजारांचे, एक ४० हजारांचे. पैकी ४० हजारांच्या कार्डावर सुनबाईंच्या शिलाई यंत्राचे आणि फोनचे मिळून ३० हजार देणे होते. २ लाखांत ३० हजार, म्हणजे १५ टक्के वापर. मोठी दोन बंद केल्यावर मर्यादा उरली ४० हजार, देणे तेच ३० हजार. वापर झाला ७५ टक्के! कर्जात एक रुपया वाढला नाही, पण कागदावर माणूस गळ्यापर्यंत बुडालेला दिसू लागला. हा वापर साधारण ३० टक्क्यांच्या आत असावा असे बँकवाले सांगतात.

त्यात पोराने घाबरून आणखी एक केले. त्या आठवड्यात चार ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकले. प्रत्येक बँकेने त्याचा अहवाल मागवला आणि त्या प्रत्येक चौकशीची नोंद झाली. थोड्या दिवसांत फार चौकश्या दिसल्या की पुढच्याला वाटते, हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय. नवीन कार्ड काढतानाही हेच होते. अर्जाची चौकशी नोंदली जाते, खात्यांचे सरासरी वय कमी होते, म्हणून गुणांक थोडा खाली येऊ शकतो. पुढे मर्यादा वाढलेली असल्याने आणि हप्ते वेळेवर गेल्याने तो सावरतो. मात्र आपण स्वतः आपला अहवाल पाहिला तर गुण कमी होत नाहीत. ही भीती उगीच पसरली आहे.

आता हा अहवाल ठेवतो कोण? सिबिल ही कंपनी २००० साली स्थापन झाली. २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा आला. आज अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हायमार्क. म्हणजे "सिबिल" हे एकीचे नाव, पण आपण सगळ्यांनाच सिबिल म्हणतो, जसे सगळ्या वनस्पती तुपाला डालडा. गुणांक ३०० ते ९०० मध्ये असतो. नेमके सूत्र कंपन्या सांगत नाहीत. पण सर्वांत जास्त वजन वेळेवर फेडण्याला आहे, हे निश्चित. त्यानंतर मर्यादेचा वापर, खात्यांचे वय, कर्जाचे प्रकार, नव्या चौकश्या.

जुने कार्ड बंद केले म्हणून त्याचा चांगला इतिहास त्याच दिवशी पुसला जात नाही. ही माहिती किमान सात वर्षे जपून ठेवावी लागते. तेव्हा पोराचे नुकसान वयाने कमी आणि वापराच्या टक्क्याने जास्त झाले.

इथे कुणी म्हणेल, मग कार्ड कधी बंदच करू नये का? तसे नाही. वर्षाची फी भारी असेल, किंवा कार्ड हातात आले की हात थांबत नसेल, तर खुशाल बंद करा. थकलेल्या कार्डावर महिना तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज पडते. आमच्या आजोबांचा सावकारसुद्धा एवढे लावताना दोनदा विचार करीत असेल. "किमान रक्कम भरा" असे बिलावर लिहिलेले असते, ती भरली की हप्ता चुकला असे धरत नाहीत, पण उरलेल्यावर व्याज चालूच राहते. गुणांकासाठी घर बुडवू नका. फक्त क्रम पाळा. आधी देणे शून्यावर आणा, मग बंद करण्याचा अर्ज द्या, आणि गृहकर्जाच्या तोंडावर हे करू नका. देणे फिटलेले असेल तर बँकेने सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद केले पाहिजे, नाहीतर दर दिवसाला ५०० रुपये दंड. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०२२ पासून आहे. बंद झाल्याचे पत्र घ्या, ट्रंकेत ठेवा. आणि कुणी "निम्म्यात मिटवू, सेटलमेंट करा" म्हणाले तर सावध. अहवालावर तो शब्द चढतो आणि पुढच्या बँकेला बोचतो.

आपल्या भागाला हिशेबाच्या वहीचे भय जुने आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. त्यानंतर १८७९ साली जो दख्खन शेतकरी कायदा झाला तो पुणे, सोलापूर, नगर आणि आपला सातारा अशा चार जिल्ह्यांसाठी. कर्जदाराला पावती आणि हिशेब मागता यावा, ही त्यातली एक सोय होती. आमच्या आजोबांना ती वही कधी उघडून दिसली नाही. त्यांना फक्त अंगठा मागितला जाई.

आणि अंगठ्याची गोष्ट तर म्हसवडने साऱ्या देशाला सांगितली. चेतना सिन्हा यांनी इथल्या बायकांना घेऊन बँकेचा परवाना मागितला, तेव्हा पहिला अर्ज नाकारला गेला, कारण कित्येकींचे अंगठे होते. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याजाचा हिशेब घाला, आम्ही तोंडी करतो, तुम्ही यंत्राशिवाय करून दाखवा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ज्या बाईला कुणी दहा रुपये उसने देत नव्हते तिच्या नावावर पत तयार झाली.

म्हणून आयाबहिणींना खास सांगणे. (पतीची पत नव्हे हं, तुमची स्वतःची पत!) कधीच कर्ज घेतले नसेल तर गुणांकच निघत नाही. आता रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे की केवळ जुनी नोंद नाही म्हणून पहिल्या कर्जाचा अर्ज फेटाळू नये. तरी नोंद असलेली बरी. मुदत ठेवीच्या तारणावर लहान मर्यादेचे कार्ड मिळते. त्यावर महिन्याचा किराणा किंवा गॅस घ्यावा, पूर्ण बिल मुदतीत भरावे, एवढेच.

पोराला बाकी चार महिने थांबावे लागले. सुनबाईंनी शिलाईचे पैसे घालून ते ३० हजार फेडले, अर्ज टाकणे बंद केले, गुणांक वर आला, कर्ज मिळाले. पण इसार दिलेली जागा गेली होती. दुसरी मिळाली ती शाळेपासून लांब. नातू आता दोन बस बदलून जातो. त्याने आम्हाला कधी बोल लावला नाही, तेच आम्हाला जास्त लागते.

नंतर आम्ही आमचाही अहवाल काढला. प्रत्येक कंपनीकडून वर्षात एकदा पूर्ण अहवाल गुणांकासह फुकट मिळतो, २०१७ पासून. पाहतो तर एका सहकाऱ्याला आम्ही जामीन राहिलो होतो, ते फिटलेले कर्ज अजून चालू दाखवलेले! जामीनदाराच्या नावावरही कर्ज दिसते, हे जामीन राहताना कुणी सांगत नाही. तक्रार केली, फेडीचा दाखला जोडला. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम २०२४ पासून आहे. आमची दुरुस्ती मुदतीत झाली, शंभर रुपये काही मिळाले नाहीत.

येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही वाचनालयाच्या खोलीत बसणार आहोत. ज्यांना अहवाल काढायचा आहे त्यांनी पॅन कार्ड आणि चालू मोबाईल घेऊन यावे. ओटीपी मात्र ज्याचा त्याने टाकायचा, आम्हालासुद्धा सांगायचा नाही. जयभीम.