भिंतीवरचे सहा डाग



न्यायवैद्यक शाखेच्या या परिषदेत आज मला एका जुन्या, न सुटलेल्या प्रकरणाबद्दल बोलायचं आहे. १८८८ सालच्या लंडनमधल्या व्हाइटचॅपलच्या हत्या. 'जॅक द रिपर' कोण होता यावर आजवर एवढं लिहिलं गेलंय, की त्यात माझी भर नको. त्या वेळच्या डॉक्टरांनी रक्ताकडे पाहून काय नोंदवलं, तेवढंच मला महत्त्वाचं वाटतं.

८ सप्टेंबरला हॅनबरी स्ट्रीटवरच्या २९ नंबरच्या घराच्या परसात ॲनी चॅपमनचा मृतदेह सापडला. पोलीस सर्जन जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स यांनी कोरोनरपुढे साक्ष दिली, ती मुळातून वाचावी. डोक्याच्या बाजूच्या भिंतीवर जमिनीपासून सुमारे १८ इंचांवर रक्ताचे सहा डाग. सर्वांत मोठा सहा पेन्सच्या नाण्याएवढा, लहान तो नुसता ठिपका. डावीकडच्या लाकडी कुंपणावर सुमारे १४ इंचांवर रक्त माखलेलं. आणि घरातून परसात येणाऱ्या बोळात रक्ताचा थेंबही नाही. म्हणजे बाई स्वतःच्या पायांनी परसात आली आणि तिथेच मारली गेली. उभ्या माणसाचा गळा चिरला तर रक्त दीड फुटावर थांबत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पंचनामा असा असावा! मोजपट्टी, उंची, आकार, आणि रक्त कुठे नव्हतं तेही.

३० सप्टेंबरला मायटर स्क्वेअरमध्ये कॅथरीन एडोज. डॉ. फ्रेडरिक गॉर्डन ब्राउन यांना मानेच्या डाव्या बाजूला फरसबंदीवर गोठलेलं रक्त दिसलं; पण कपड्यांच्या पुढच्या बाजूला रक्त नव्हतं, आजूबाजूच्या विटांवर चिळकांड्या नव्हत्या. गळा चिरला गेला तेव्हा ती जमिनीवर आडवी होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मारेकऱ्याच्या अंगावर फारसं रक्त उडालं नसणार, हेही त्यांनी सांगितलं. गावभर मात्र रक्ताने न्हालेल्या माणसाचा शोध चालू होता. नाटकवाल्यांनी आणि सिनेमावाल्यांनी तो माणूस आजही जिवंत ठेवला आहे. त्यांचा धंदाच तो.

समजा, असा माणूस सापडला असता. तरी काय झालं असतं? त्या वस्तीत कत्तलखाने होते, खाटीक होते. ग्वायकम चाचणीने किंवा वर्णपटदर्शकाने डाग रक्ताचा असावा इथवर जाता येई. ते माणसाचं की मेंढीचं, हे सांगण्याची खात्रीची पद्धत उलेनहूटने दिली ती १९०१ मध्ये. रक्तगट लँडस्टायनरने शोधले तेही त्याच सुमारास. म्हणजे १८८८ मध्ये डाग 'कोण' या प्रश्नाला गप्प होता. 'कुठे' आणि 'कोणत्या स्थितीत', एवढंच तो बोलत होता, आणि फिलिप्स-ब्राउन यांनी त्याला तेवढंच विचारलं. याला मी शहाणपण म्हणतो.

उलट अलीकडे एडोजची म्हणून एक शाल पुढे आली आणि तिच्यावरच्या डीएनएवरून खुनी ठरवून टाकण्यात आला. पोलिसांनी एडोजच्या कपड्यांची आणि वस्तूंची बारीकसारीक यादी केली होती. त्या यादीत शाल नाही. अनेक हातांतून गेलेल्या, मूळच माहीत नसलेल्या कापडाला मुद्देमाल म्हणायला माझी जीभ रेटत नाही, प्रयोगशाळा कितीही आधुनिक असो.

आता त्या वेळच्या चुका. बक्स रोमध्ये ३१ ऑगस्टला मेरी ॲन निकोल्स सापडली, तिथलं रक्त शेजारच्या मुलाने बादलीभर पाण्याने धुऊन टाकलं. जागेवर रक्त कमी दिसलं म्हणून खून दुसरीकडे झाला असावा, असा संशय आला होता. प्रत्यक्षात बरंचसं कपड्यांनी शोषलं होतं. चॅपमनचं प्रेत फिलिप्स यांनी शवविच्छेदन करायच्या आधीच वर्कहाऊसच्या परिचारिकांनी कपडे उतरवून धुतलं. फिलिप्स यांनी कोरोनरपुढे याची तक्रार केली.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आपल्या शवागारात डॉक्टरने पाहून, फोटो काढून, मोजून झाल्याशिवाय प्रेताला पाणी लागू नये आणि कपडे कापले जाऊ नयेत. अहवालात 'कपड्यांवर रक्ताचे डाग' एवढ्यावर भागवू नका. डाग किती, कुठे, किती उंचीवर, ओला की सुका, हे लिहा. आणि जिथे असायला हवा होता तिथे नसेल, तर तेही लिहा. या परिषदेने तसा ठराव आजच करावा.