आयर्लंड : नांवांच्या वाटेनें

आयर्लंडच्या प्रवासाला निघणाऱ्यानें दोन गोष्टींची तजवीज आधींच करावी. पहिली पावसाळी कोटाची. कारण त्या बेटावर, विशेषतः त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, पाऊस ऋतु पाहून येत नाहीं. एकाच दिवसांत तो तीनदां येतो आणि तीनदां जातो. दुसरी पांच-सहा आयरिश शब्दांची. कोट तेथें कोणत्याहि पेठेंत मिळेल. शब्द मात्र कोणी विकत देत नाहीं, आणि त्यांच्यावांचून अर्धा देश पाहूनहि न पाहिल्यासारखा होतो.

शब्द अगदीं साधे आहेत. ‘बाल्ये’ म्हणजे गांव, ‘किल’ म्हणजे चर्च, ‘डून’ म्हणजे किल्ला, ‘क्नॉक’ म्हणजे टेकडी, ‘इनिश’ म्हणजे बेट. आयर्लंडचा कोणताहि नकाशा उघडला कीं बॅली, किल, डन, नॉक, इनिश यांनीं सुरू होणारीं गांवांचीं नांवें शेंकड्यांनीं आढळतात. इंग्रजींत त्यांना कांहींच अर्थ नाहीं. तीं मूळचीं आयरिश नांवें असून त्यांना केवळ इंग्रजी अंगरखा चढविलेला आहे. हा अंगरखा शतकानुशतकें शिवला जात होता. परंतु त्याचें माप पक्कें झालें तें १८२४ सालीं सुरू झालेल्या भूमापनाच्या वेळीं. कराची आकारणी नीट व्हावी म्हणून सरकारनें सबंध बेटाचे तपशीलवार नकाशे करविले. त्या कामावर जॉन ओ’डोनोव्हन नांवाचा एक आयरिश पंडित नेमलेला होता. तो गांवोगांव हिंडून वृद्धांना नांवें विचारी, जुन्या हस्तलिखितांशीं तीं ताडून पाही, मूळ रूप टिपून ठेवी आणि मग नकाशासाठीं त्याचें इंग्रजी रूप सुचवी. ज्या खात्यानें नांवें झांकलीं त्याच खात्याच्या दप्तरांत तीं सुरक्षितहि राहिलीं, असा हा विलक्षण प्रकार आहे.

खुद्द राजधानीलाच दोन नांवें आहेत. डब्लिन म्हणजे ‘डुव्ह लिन’, काळा डोह. ८४१ सालीं नॉर्स दर्यावर्द्यांनीं तेथें ठाणें दिलें. तो डोह आतां बुजला आहे; त्याच्या जागीं किल्ल्याच्या मागें एक वर्तुळाकार हिरवळ दिसते. परंतु आयरिश बोलणारा मनुष्य या शहराला ‘बाल्ये आहा क्लीअ’ म्हणतो. लिफी नदीच्या उतारावर डहाळ्यांच्या विणलेल्या ताट्या टाकून लोक पलीकडे जात, त्या उताराचें हें गांव. बसवरील पाटीवर हें नांव वाचून आपण भलत्याच गांवीं चाललों कीं काय, अशी शंका नवख्या प्रवाशाला येते. ती मनांतून काढून टाकावी.

डब्लिनमध्यें ट्रिनिटी कॉलेजांतील ‘बुक ऑफ केल्स’ हा सुमारें ८०० सालचा, वासराच्या कातड्यावर लिहिलेला व अद्भुत चित्रांनीं नटलेला ग्रंथ सर्वच प्रवासी पाहतात. ओ’कॉनेल रस्त्यावरील मुख्य पोस्ट ऑफिसहि पाहतात. २४ एप्रिल १९१६ या दिवशीं, ईस्टरच्या सोमवारीं, पॅट्रिक पिअर्स यानें याच इमारतीपुढें स्वतंत्र प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. त्या जाहीरनाम्याचें शीर्षक तेवढें आयरिश भाषेंत आहे. खालचा सारा मजकूर इंग्रजी. बहुसंख्य ऐकणाऱ्यांना दुसरी भाषा कळली नसती. आठवड्याच्या आंत बंड मोडलें, आणि मेच्या आरंभीं पिअर्स व त्याचे सहकारी किलमेनहॅमच्या तुरुंगांत गोळ्या घालून मारले गेले. हा तुरुंगहि आतां पाहतां येतो. पण शहराच्या दक्षिणेस रॅथफार्नहॅम येथें त्याच पिअर्सची शाळा आहे, तिकडे फार थोडे वळतात. हा बंडवाला मूळचा शाळामास्तर. १९०८ सालीं त्यानें मुलांना आयरिश व इंग्रजी या दोन्ही भाषांतून शिकविणारी शाळा काढली व १९१० मध्यें ती या जागीं आणली. त्या इमारतींत आतां त्याचें स्मारक-संग्रहालय आहे. ज्याला १९१६ चें बंड समजून घ्यावयाचें आहे त्यानें पोस्ट ऑफिसाच्या आधीं ही शाळा पाहावी, हें अधिक योग्य.

उत्तरेस बॉइन नदीच्या कांठीं न्यूग्रेंजची समाधि आहे. ती ख्रिस्तपूर्व सुमारें ३२०० सालची, म्हणजे ईजिप्तच्या थोर पिरॅमिडांहूनहि जुनी. डिसेंबरांतील अयनदिनाच्या सुमारास उगवत्या सूर्याचा किरण द्वारावरील झरोक्यांतून शिरून सुमारें १९ मीटर लांबीच्या भुयारांतून आंतल्या गाभाऱ्यापर्यंत जातो. त्या सकाळीं आंत उभें राहण्यासाठीं चिठ्ठ्या काढाव्या लागतात. एवढ्या पुरातन वास्तूचें नांव मात्र ‘नवें शेतवाडें’! मध्ययुगांत ही जमीन मेलिफंटच्या मठाकडे गेली, त्या मठाच्या शेतावरून तें पडलें.

डब्लिनहून मेयो परगण्याकडे जाणाऱ्या पश्चिमेच्या सडकेवर रॉसकॉमन परगण्यांत स्ट्रोक्सटाउन हें गांव लागतें. येथील जमीनदाराच्या वाड्यांत १८४५ सालीं सुरू झालेल्या महादुष्काळाचें राष्ट्रीय संग्रहालय आहे. गरिबाचें पोट एका बटाट्यावर चालत होतें. बटाट्यावर रोग पडला आणि तो पुनः पुनः पडत राहिला. त्याच काळांत बंदरांतून धान्य परदेशीं जातच होतें. सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व तापानें मेलीं, त्याहून अधिक देश सोडून गेलीं. १८४१ च्या खानेसुमारींत ८१ लक्ष ७५ हजार असलेली लोकसंख्या १८५१ मध्यें ६५ लक्ष ५२ हजारांवर आली. मेलेले व गेलेले यांत मोठा भाग पश्चिमेकडील गरीब कुळांचा, आणि आयरिश बोलणारेहि मुख्यतः तेच.

जे उरले त्यांनीं मुलांना इंग्रजी शिकविली. १८३१ मध्यें सुरू झालेल्या राष्ट्रीय शाळांतून शिक्षण इंग्रजींतच असे. कित्येक ठिकाणीं मुलाच्या गळ्यांत एक काठी अडकवीत. त्याच्या तोंडून आयरिश शब्द निघाला कीं तिच्यावर एक खांच पाडीत, आणि खांचा मोजून शिक्षा होई. या व्यवस्थेचा सर्व दोष सरकारवर किंवा मास्तरांवर टाकतां येत नाहीं. ही काठी घरींहि चाले. खांच पाडणारा बाप स्वतः मोडकें इंग्रजी बोलणारा असे. पोर उद्यां बोस्टनला किंवा लिव्हरपूलला जाणार, तेथें आयरिश शब्दांनीं भाकरी मिळणार नाहीं, हें त्याला ठाऊक होतें. त्याला मूर्ख म्हणण्याचें धाडस कोणी करूं नये.

याच सडकेवर पुढें फ्रेंचपार्क येथें डग्लस हाइड याची समाधि आहे. हा प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचा मुलगा. तो आयरिश शिकला तो शाळेंत नव्हे, तर एका रखवालदाराच्या व शेजारच्या म्हाताऱ्यांच्या सहवासांत. १८९३ मध्यें त्यानें मित्रांसह गेलिक लीग स्थापन केली आणि १९३८ सालीं तोच देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

मेयोंत शिरल्यावर बॅलिनरोबजवळ लॉख मास्क सरोवर आहे. १८८० सालीं त्याच्या कांठीं कॅप्टन बॉयकॉट नांवाचा जमीनदाराचा कारभारी राहत असे. खंड कमी करण्याची मागणी त्यानें मानली नाहीं, तेव्हां कुळांनीं त्याच्यावर हात न उगारतां त्याचें सारें काम बंद केलें. कापणीला मजूर नाहीं, दुकानांत माल नाहीं. त्याचें आडनांव इंग्रजींत क्रियापद झालें. पुढें १९०५ नंतर स्वदेशी, स्वराज्य व राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला जो ‘बहिष्कार’ महाराष्ट्रांत घरोघरीं पोंचला, त्याचें इंग्रजी नांव या सरोवराकांठचें.

येथून किनाऱ्यानें दक्षिणेकडे जातांना मोहरचे २१४ मीटरपर्यंत उंच गेलेले कडे लागतात; धुकें नसलें तर ते फार सुंदर दिसतात. त्यापुढें केरी परगण्यांत समुद्रांत शिरलेलें डिंगलचें द्वीपकल्प आहे. त्याचा पश्चिम भाग ‘ग्वेलटख्ट’, म्हणजे जेथें अद्याप आयरिश बोलली जाते असा प्रदेश. २००५ सालीं सरकारनें अशा प्रदेशांतील गांवांचीं इंग्रजी नांवें कायद्यानें रद्द केलीं आणि डिंगलच्या पाट्यांवर केवळ ‘अन् डँग्यन’ हें नांव उरलें. गांवकरी खवळले. प्रवासी ‘डिंगल’ शोधीत येतो. पाटी न दिसल्यास तो पुढें जाईल, आणि गांवाचें पोट प्रवाशांवर! कोणी इंग्रजी नांव पाटीवर रंगानें लिहूनहि टाकलें. २००६ मध्यें गांवानें प्रचंड बहुमतानें दोन्ही नांवें मागितलीं, आणि २०११ मध्यें कायदा बदलून तीं मान्य झालीं. गंमत अशी कीं गांवानें मागितलेलें आयरिश नांव सरकारी नांवाहून लांब व जुन्या धाटणीचें होतें: ‘डँग्यन ई खूश’. गांवाला आयरिश नको होती, असें म्हणणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी.

द्वीपकल्पाच्या टोंकाला ‘डून खीन’ येथें सडक संपते. समोर ग्रेट ब्लॅस्केट हें बेट. त्यावर फार झालीं तेव्हां पावणेदोनशें माणसें होतीं. तरी तेथील मासे धरणाऱ्या टोमास ओ’क्रोहन याचें आत्मचरित्र १९२९ सालीं प्रसिद्ध झालें आणि बेटावरून आणखीहि नामांकित पुस्तकें आलीं. आयरिश शिकण्यासाठीं नॉर्वेचे व इंग्लंडचे पंडित त्या झोंपड्यांत येऊन राहत. तरुण अमेरिकेला गेले; आजाऱ्याला हिंवाळ्यांत वैद्य मिळेना. १९५३ च्या नोव्हेंबरांत सरकारनें उरलेल्या माणसांना मुख्य भूमीवर आणलें. २०२२ च्या खानेसुमारींत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे सुमारें ७२ हजार भरले.

उन्हाळ्यांत समुद्र शांत असेल त्या दिवशीं बेटावर होडी जाते. चढावर बिनछपराच्या घरांच्या भिंती आहेत, त्यांच्यामधून मेंढ्या चरतात, आणि खडकांवर सीलचे कळप पडलेले दिसतात. परतीच्या होडीची वेळ मात्र उतरण्यापूर्वींच विचारून ठेवावी, कारण वारा फिरला तर नावाडी थांबत नाहीं.