होडी बांधावी की तयार घ्यावी?



कर्ज काढून होडी करू पाहणारे कोळी कुटुंब सल्ल्यासाठी आपल्यापैकीच कोणाकडे तरी येते, आणि चर्चा बहुधा किमतीपाशीच थांबते. माझ्या मते पहिला विचार हंगामाचा व्हावा. पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावरही होडी सुताराकडेच अडकली, तर कमाईचे दिवस वाया जातात. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून सुकलेले लाकूड हाती असल्याखेरीज बांधणीस हात घालू नये. ओली फळी पुढे आकसते व सांधे उघडतात.

बांधणीत आतील प्रत्येक लाकूड रंग लागण्यापूर्वी मालकाच्या नजरेखालून जाते, हा लाभ थोडा नव्हे. तयार जुनी लाकडी होडी घ्यावयाची, तर ती कोरड्यात ओढून तळाच्या फळ्या टोचून पाहाव्यात. समुद्रातील किडा लाकूड आतून पोखरतो. बाहेर दिसते ते टाचणीएवढे छिद्र. (ताजा रंग पाहून भुलणारे पुष्कळ!) फायबरच्या होडीस हे भय नाही, पण तिची दुरुस्ती जाणणारा कारागीर बंदरात आहे काय, हे आधी विचारावे.

आणि सन १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमान्वये लागणारा परवाना व नोंदणीची कागदपत्रे इसार देण्यापूर्वीच तपासावीत.