जांभळ्या बेटावर सायकलनं

उम्म सलाल मोहम्मदहून बोलतोय. आज विषय सायकलीचा आहे, पण लगेच कार्यक्रम बंद करू नका. पहाटे चारला उठून हृदयाचे ठोके मोजत पळणाऱ्या मंडळींसाठी हे बोलणं नाही. ज्यांच्या बाल्कनीत एक सायकल धूळ खात उभी आहे आणि घरात एक शाळकरी मूल आहे, त्यांच्यासाठी आहे.

सांगायचंय ते एका बेटाबद्दल. अल खोर शहराजवळचं जझीरत बिन घानम, म्हणजे आपण सगळे ज्याला पर्पल आयलंड म्हणतो ते. तुमच्यापैकी अनेकांनी ते गाडीतून जाऊन पाहिलं असेल. एसीतून उतरलो, फोटो काढला, मुलं कंटाळली, परत गाडीत. वीस मिनिटांत बेट संपलं. मी म्हणतो, तेच बेट एकदा सायकलनं गाठा.

आधी रस्त्याचं बोलू. दोह्याकडून अल खोरकडे एक सायकल ट्रॅक जातो, ऑलिंपिक सायकलिंग ट्रॅक. सलग सुमारे 33 किलोमीटर. 2020 मध्ये जगातला सर्वांत लांब सलग सायकल मार्ग म्हणून त्याची गिनेस बुकात नोंद झाली. विक्रमाचं मला फारसं कौतुक नाही, पण या ट्रॅकवर मोटारी नसतात, याचं फार आहे. रस्ता आडवा आला की ट्रॅक त्याच्या खालून किंवा वरून जातो, सिग्नल लागत नाही. मुलाला पुढे सोडून मागून निवांत चालवता येईल अशी जागा पुण्यात मला शोधूनही सापडली नसती. एक मोठी उणीव मात्र आहे, ती म्हणजे सावली. ती जवळजवळ नाहीच.

आमच्या उम्म सलालहून अल खोर साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर. बर्झान बुरुजांच्या परिसरात राहणाऱ्यांनी घरून सायकल हाणत निघायचा हट्ट धरू नये, कारण मधे मोठे रस्ते आहेत आणि सकाळी ट्रकही असतात. आम्ही सायकली गाडीला बांधतो आणि ट्रॅकवर उतरवतो. मूल लहान असेल तर अल खोरच्या अलीकडे, अल बैत स्टेडियमच्या आसपास उतरा. 2022 च्या विश्वचषकाचा पहिला सामना झाला तेच हे, तंबूच्या आकाराचं. लांबून दिसायला लागतं आणि कितीतरी वेळ जवळच येत नाही. मुलांना त्याची गंमत वाटते.

दिशेचा हिशेब नीट करा. थंडीत इथं वायव्येकडून शमाल वारा सुटतो. अल खोरला जाताना तो समोरून किंवा तिरका येतो, परतताना पाठीशी असतो. हे आपल्या फायद्याचं आहे, ताकद असताना वाऱ्याशी झगडायचं आणि दमल्यावर त्यानंच घरी ढकलायचं. पण वारा जोरात असेल तर त्या दिवशी जाऊच नका. वाळू डोळ्यांत जाते आणि मुलाचा सायकलवरचा विश्वास कायमचा उडतो.

आता सायकल कुठली? हा प्रश्न मला ऑफिसात सगळे विचारतात आणि उत्तर ऐकून नाराज होतात. ट्रॅकवर रोड बाइक छान पळते, 28 मिलिमीटरचा बारीक टायर, हवा टच्च. पण अल खोर ओलांडून बेटाकडे वळलात की डांबर संपतं. पुढे खडी, वाळू आणि मिठाचा थर धरलेली सपाट जमीन. या जमिनीला अरबीत सबखा म्हणतात. वरून ती पापडासारखी कडक दिसते, खाली ओल असते. आपल्याकडची खाजणं आठवा. बारीक टायर तो पापड फोडून आत रुततो. तिथं ग्रॅव्हल बाइक लागते, 40 मिलिमीटरच्या आसपासचा टायर, हवा निम्म्यावर. दोन सायकली घेणं हा एमबीए झालेल्या माणसाला न शोभणारा हिशेब आहे. तेव्हा एकच घ्यायची तर ग्रॅव्हल घ्या. ट्रॅकवर ती थोडी सुस्त वाटेल, एवढंच. साधी जाड टायरची हायब्रिडही चालेल. आणि पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस सबखावर पाऊलही टाकू नका.

बेटावर जायला होडी लागत नाही, बांधावरून जाता येतं. शेवटचा भाग सायकल हातात धरून पायी चाला. भोवती सगळी तिवरं आहेत. हो, आपलीच तिवर, कोकणच्या खाडीतली. शास्त्रीय नाव ॲव्हिसेनिया मरीना, मालवणच्या खाडीत तेच आणि अल खोरच्या खाडीतही तेच. वाळवंटात तीस किलोमीटर एकही झाड न बघता सायकल मारल्यावर समोर अचानक हिरवं दिसतं, तेव्हा डोळ्यांना जे वाटतं ते गाडीतून येणाऱ्याला मिळत नाही. माझं म्हणणं मुख्यतः एवढंच आहे.

मुलांना पान उलटून दाखवा. तिवर मुळांवाटे खारं पाणी ओढते आणि जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकते. पानाला जीभ लावली तर खारट लागतं. चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी मुळं दिसतील, ती श्वास घेण्यासाठी असतात. त्यांच्यावरून सायकल नेऊ नका. ओहोटी असेल तर खेकडे दिसतात, भरती असेल तर कयाकवाले झाडांमधून वल्हवत जाताना दिसतात. थंडीत रोहित पक्षीही येतात, शिवडी-ऐरोलीला येतात तसेच. भरती-ओहोटीची वेळ फोनवर बघून निघा. दोन्हींची मजा वेगळी आहे, पण चिखल तुडवायचा असेल तर ओहोटीच हवी.

आता नावाची गोष्ट. बेटावर जांभळं काहीच नाही, मग पर्पल का? साधारण 3,300-3,400 वर्षांपूर्वी इथं रंगाचा कारखाना होता. तेव्हा बॅबिलोनवर कस्साइट राजांची सत्ता होती, आणि हा रंग त्यांच्याच व्यवस्थेतला असावा असं तिथल्या खापरांवरून मानतात. समुद्रातल्या एका जातीच्या गोगलगायी पकडायच्या, शंख फोडायचे आणि त्यांच्या एका ग्रंथीतून लालसर जांभळा रंग काढायचा. इथं फोडलेल्या शंखांचे ढीग सापडले, सुमारे 30 लाख शंख असावेत असा अंदाज आहे. एवढे कशाला? 1909 मध्ये फ्रीडलेंडर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं भूमध्य समुद्रातल्या याच कुळातल्या 12,000 गोगलगायींमधून हा रंग काढून पाहिला. हाती आला 1.4 ग्रॅम. म्हणून तो राजांचा रंग. त्याच रसायनशास्त्रज्ञानं दाखवलं की हा रंग म्हणजे आपल्या निळीचा भाऊ आहे, नीळ अधिक ब्रोमीन. मला या बेटावर राजापेक्षा ते शंख फोडणारे हात जास्त आठवतात. काय वास येत असेल तिथं! (शंखाचा तुकडा दिसला तर बघा आणि तिथंच ठेवा. ते पुरातत्त्व स्थळ आहे.)

आणि हात म्हटलं की आणखी एक. ट्रॅकवर आपण हेल्मेट, चष्मा, हातमोजे घालून चालवतो. उम्म सलालच्या आतल्या रस्त्यांवर ड्युटीला जाणारे नेपाळी, बांगलादेशी, बिहारी भाऊ जुन्या लोखंडी सायकलींवर असतात, अंधारात, दिव्याशिवाय. या देशात सायकल म्हणजे काय, याची ती दुसरी बाजू. आम्ही जादाचे मागचे दिवे घेऊन ठेवलेत, आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्यांना देतो. पंधरा-वीस रियालचा प्रश्न आहे.

परतताना अल खोरच्या किनाऱ्यावर थांबा, करक चहा घ्या. हे मोत्यांचं गाव होतं. इथून बुडी मारून काढलेले मोती मुंबईच्या बाजारात जायचे आणि 1966 पर्यंत इथं रुपयाच चालायचा. 1930 च्या दशकात जपानी कल्चर्ड मोत्यांनी हा धंदा बसवला, मग तेल आलं, मग गॅस, आणि मग आपण आलो. आमच्या उम्म सलालच्या बर्झान बुरुजांवरूनही म्हणे मोतीवाल्यांच्या होड्यांवर नजर ठेवत. रोज शाळेच्या बसमधून त्या बुरुजांसमोरून जाणाऱ्या मुलांना हे माहीत असायला हवं.

माझी मुलगी यंदा बारावीला आहे. जन्म दोह्याचा, पासपोर्टवर तसंच लिहिलंय. सांगलीला आजीकडे ती कतारची, इथं ती इंडियन. ऑगस्टमध्ये ती शिकायला बाहेर पडेल, आणि आमचं इथलं राहणं नोकरीच्या कागदावर आहे. तो कागद संपला की हे घर, ही गल्ली, सगळं एका कंटेनरमध्ये. सुट्टीत परत यायला घर राहीलच असं नाही. तुमच्यापैकी अनेकांचं असंच आहे, फक्त आपण ते जेवताना बोलत नाही. गेल्या महिन्यात बेटावर चिखलात पाय घालून बसली असताना ती म्हणाली, "बाबा, कॉलेजात कुणी विचारलं ना की कतारमध्ये काय आहे, तर मी मॉल नाही सांगणार." मी काही बोललो नाही. डब्यातला तिखटमिठाचा सांजा संपवला आणि निघालो.

शेवटी मोसमाचं सांगतो. नोव्हेंबर ते मार्च, उजाडता उजाडता निघायचं आणि दहाच्या आत गाडीत बसायचं. माणशी किमान दोन लिटर पाणी, पंक्चरचं सामान, आणि मीठ-साखर. उन्हाळ्यात हा बेत अजिबात करू नका. 1 जून ते 15 सप्टेंबर सकाळी दहा ते साडेतीन उघड्यावर काम करायला सरकारनंच बंदी केली आहे, ती उगाच नाही.

आमच्या हिशेबात या मोसमाचे सहा शुक्रवार उरलेत. त्यातले तीन बोर्डाच्या परीक्षेत जातील. बाकीच्या तिनांत कधी ट्रॅकवर एक निळी आणि एक काळी सायकल दिसली, मागचा माणूस धापा टाकत असला, तर घंटी वाजवा आणि मराठीत हाक मारा. नमस्कार.